योगशाळेतलं वर्ष: दिनक्रम, सण आणि उपवासाच्या दिवशीची साधना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या चैत्रापासून वर्षभर नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरच्या एका निवासी योगशाळेत राहायला जायचं आहे. तिथला दिवस कसा असतो, सणांना सुट्टी मिळते का, उपवास आणि साधना एकत्र जमतात का, आणि आसन-प्राणायाम शिकवणाऱ्या ठिकाणी सण पाळायचेच कशाला? शेवटचा प्रश्न आधी घेऊ, बाकीची उत्तरं त्यावरच उभी आहेत.

पारंपरिक योगशाळेत सण म्हणजे सुट्टी नसते आणि नुसती पूजाही नसते. सणाला जेवण, झोप आणि वेळ या तिन्ही गोष्टी हलतात, आणि साधना उभी असते ती याच तिघांवर. म्हणून नीट चालवलेल्या शाळेत वर्षाचं वेळापत्रक पंचांग समोर ठेवून आखतात: कुठल्या दिवशी काय शिजवायचं, किती जागायचं, आणि त्या दिवशी व दुसऱ्या दिवशी कोणती क्रिया बंद ठेवायची. चक्कर, आम्लपित्त, कमरेत उसण या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या तक्रारी सणांच्या आगेमागेच जास्त येतात, आणि बहुतेक वेळा त्या उत्साहातून आलेल्या असतात. नऊ दिवस कडक उपवास, वर रोज भस्त्रिका म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वासोच्छ्वास, वर गड चढून येणं, असं काहीतरी.

स्वात्मारामांच्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात पहिल्याच उपदेशात, म्हणजे अध्यायात, योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: अत्याहार, प्रयास म्हणजे अति श्रम, प्रजल्प म्हणजे वायफळ बडबड, नियमाग्रह म्हणजे नियमांचा हट्ट, जनसंग म्हणजे माणसांची गर्दी आणि लौल्य म्हणजे चंचलपणा. सणाच्या दिवशी या सहाही एकाच वेळी दारात येतात. त्याच उपदेशात पुढे, पहाटेचं थंड स्नान, उपवास असे शरीराला क्लेश देणारे विधी साधकाने टाळावेत असंही म्हटलं आहे. हे वाचून नवे विद्यार्थी गोंधळतात, कारण घरी शिकवलेलं नेमकं उलट असतं. गोंधळायचं कारण नाही. ग्रंथकार बोलतोय तो दिवसातून अनेकदा कुंभक करणाऱ्या, म्हणजे श्वास रोखून धरणाऱ्या साधकाशी, आणि अशा माणसाला रिकामं, कोरडं पोट खरोखरच बाधतं. म्हणून शाळेत दोन्ही पाळतात: उपवास असेल तर कुंभक नाही, कुंभकाचा अभ्यास वाढत असेल तर उपवास नाही.

दिवस कसा असतो

साडेचारला घंटा, प्रातर्विधी, जलनेती म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, सव्वापाचला ओंकार आणि प्रार्थना, मग प्राणायाम, सव्वासहा ते साडेसात आसनं, आठला न्याहारी. न्याहारीपर्यंत मौन. नंतर तासभर सेवा: झाडलोट, भाजी निवडणं, भांडी, बाग. दहा ते बारा ग्रंथवाचन आणि शरीरशास्त्र, बाराला जेवण, थोडी वामकुक्षी, दुपारी पाठांतर किंवा अध्यापनाचा सराव, साडेचारला पुन्हा आसनं, सूर्यास्ताला अग्निहोत्र किंवा सायंप्रार्थना, सातला हलकं जेवण, आठला भजन किंवा प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. शाळेशाळेत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे.

ब्राह्ममुहूर्ताबद्दल एक खुलासा. तो घड्याळाच्या चारला बांधलेला नाही. सूर्योदयाच्या आधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा हा काळ. नाशिकला जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो, म्हणजे ब्राह्ममुहूर्त सव्वाचारच्या आसपास लागतो. जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सातनंतर, म्हणून तेव्हा तो साडेपाचच्या सुमाराला. थंडीत तीन वाजता उठून कुडकुडत बसणाऱ्याला शास्त्राचा आधार नाही. झोप मात्र सलग सहा-सात तास हवीच. पहिल्या पंधरवड्यात जे विद्यार्थी वर्गात पेंगतात ते लवकर उठल्यामुळे पेंगत नाहीत, रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहिल्यामुळे पेंगतात.

जलनेतीला अर्धा लिटर कोमट पाण्यात सपाट भरलेला एक चहाचा चमचा मीठ. मीठ कमी पडलं तर नाकात झणझणतं, जास्त झालं तर आग होते. पाणी उकळून कोमट केलेलं, थेट नळाचं नको. नेतीइतकंच नंतर नाक कोरडं करणं महत्त्वाचं: कमरेतून वाकून, मान डावी-उजवीकडे वळवत, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलके उच्छ्वास. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे ढकललं जातं आणि दोन दिवस कान दुखतो. थंडीत नेती करून तसंच गच्चीवर प्राणायामाला बसल्याने सर्दी होते, आणि दोष मात्र नेतीच्या माथी.

जेवण वरण-भात-तूप, पोळी किंवा भाकरी, एक भाजी, ताक. घेरण्डसंहिता या हठयोगाच्या ग्रंथातलं माप सोपं आहे: अर्धं पोट अन्नाने, पाव पाण्याने, पाव वाऱ्याला मोकळं. कांदा-लसूण नसतो. लासलगाव ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्यात राहून वर्षभर कांदा न खाणं ही अनेकांना आसनांपेक्षा मोठी तपश्चर्या वाटते, पण महिनाभरात सवय होते. भरपेट जेवणानंतर आसनांना चार तास, हलक्या खाण्यानंतर दोन-अडीच तास, ताक-सरबतानंतर पाऊण तास जाऊ द्यायचा. सणाच्या दिवशी दुपारची पंगत दीडला उठते, म्हणून साडेचारचा आसनवर्ग त्या दिवशी नसतो. त्याजागी सहाला फक्त शवासन, भ्रामरी आणि जप. हा नियम मोडणाऱ्याला पुरणपोळी पश्चिमोत्तानासनात भेटते.

चैत्र ते आषाढ

प्रवेश बहुतेक ठिकाणी गुढीपाडव्याच्या सुमाराला किंवा दसऱ्याला देतात. घेरण्डसंहितेने योगारंभासाठी वसंत आणि शरद हे दोनच ऋतू सांगितले आहेत; हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा ऋतूत सुरुवात केली तर रोग होतात असा तिथला इशारा आहे. आपले साडेतीन मुहूर्तांतले दोन नेमके या दोन ऋतूंत पडतात, त्यामुळे शाळांना वेगळा शुभदिवस शोधावा लागत नाही.

पाडव्याचा कडुनिंब घरी नावापुरता जिभेला लावतात, शाळेत तो खातात. माणशी आठ-दहा कोवळी पानं, मिळाला तर थोडा मोहोर, चमचाभर भिजवलेली हरभरा डाळ, चिमूटभर जिरं, ओवा, हिंग, मीठ आणि सुपारीएवढा गूळ, सगळं एकत्र वाटून. जून पानं घेतली तर इतकं कडू होतं की निम्मे लोक थुंकतात. तांबूस, नुकती फुटलेली पालवीच घ्यायची. अर्थ सांगायचा तर वसंतात कफ सुटतो, त्याला कडू-तिखट रस हवा, म्हणून वर्षाचा पहिला घास कडू. गुढी सूर्यास्ताआधी उतरवायची.

रामनवमीला दुपारी बारा वाजता जन्म, त्यामुळे जेवण एकच्या पुढे जातं आणि पित्ताच्या प्रकृतीची माणसं कासावीस होतात. अकरा वाजता त्यांना पन्हं द्यावं. दोन दिवसांनी कामदा एकादशीला काळारामाचा रथोत्सव असतो, रामरथ आणि गरुडरथ. शाळेतली मुलं पंचवटीत रथ पाहायला हमखास जातात. जाणाऱ्याने या मंदिराची दुसरी गोष्टही माहीत करून घ्यावी: २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली याच दारात मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षं चालला. योगशाळेतली एकच पंगत, सगळ्यांनी सगळ्यांची ताटं घासणं हा नियम नुसत्या शिस्तीचा नाही, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

आषाढात पाऊस लागतो आणि देवशयनी एकादशीपासून चातुर्मास. संन्याशांनी या काळात भ्रमण थांबवून एका जागी राहायचं असा दंडक आहे. शाळेत त्याचा अर्थ अभ्यास वाढवणं असाच घेतात: बाहेरची शिबिरं बंद, ग्रंथांचे तास जास्त, जड आसनं कमी. त्र्यंबकच्या बाजूला पाऊस नाशिक शहरापेक्षा कितीतरी जास्त. चटया वाळत नाहीत, बुरशी धरते, भिंतींना ओल येते. पावसाळ्यात रबरी चटईपेक्षा सतरंजी आणि वर घोंगडी बरी, आणि ती आठवड्यातून एकदा चुलीच्या उबेला टाकावी. सूत्रनेतीची, म्हणजे नाकातून घालायची दोरी किंवा रबरी नळी ओली डबीत कोंबायची नाही. दरवेळी उकळलेल्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडी करायची.

आषाढ शुद्ध नवमीला घरोघर कांदेनवमी होते आणि मग चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. श्रावणात पालेभाज्याही कमी करतात. पावसात अग्नी मंद असतो आणि चिखलातल्या पाल्यात किडे-अळ्या असतात. नियम शाबूत ठेवून लोक त्या जागी साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे खातात, ही मात्र आपल्याकडची गंमत.

गुरुपौर्णिमा म्हणजे व्यासपूजा. शाळेत त्या दिवशी पहाटेची साधना नेहमीपेक्षा लांब, मग पूजन, ग्रंथपठण, पंगत. नवख्यांनी भेटवस्तूंच्या फंदात पडू नये. नारळ, फूल आणि वर्षभरात पाठ केलेली सूत्रं न अडखळता म्हणून दाखवणं एवढं पुरतं. जिथे दक्षिणेचा आकडा सुचवला जातो तिथे दोनदा विचार करावा.

उपवास: इथे सगळ्यात जास्त चुकतं

श्रावणी सोमवार, एकादशा, जन्माष्टमी, नवरात्र, शिवरात्र असं धरलं तर वर्षात चाळीसेक दिवस उपवासाचे निघतात. एकादशाच चोवीस, अधिक मासात सव्वीस. शाळा तीन प्रकार मान्य करते: एकभुक्त, म्हणजे एकदाच साधं जेवण, फलाहार, म्हणजे फळं, दूध, ताक, आणि नेहमीचा फराळी उपवास. निर्जळ उपवास निवासी विद्यार्थ्याला सहसा करू देत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

साबुदाण्याची खिचडी हा सगळ्यात वाईट पर्याय. नुसता स्टार्च, त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा आणि मिरची. पचायला चार-पाच तास. सकाळी नऊला ही खिचडी खाऊन अकराला कपालभाती केली की घशाशी आंबट येतं. त्याऐवजी माणशी अर्धी वाटी वऱ्याचे तांदूळ, म्हणजे भगर. धुऊन, कोरडीच भाजून, तिप्पट पाण्यात मऊ शिजवायची, आणि वर दाण्याची पातळ आमटी. तिला कूट दोन चमचे माणशी, मूठभर नव्हे. राजगिऱ्याची भाकरी, दुधी भोपळा, लाल भोपळा, ताक, केळं हेही चालतं. पाणी, ताक, लिंबूपाणी मिळून अडीच लिटरच्या खाली जाऊ नये. उपवासात डोकं दुखतं ते बहुधा भुकेने नव्हे, पाणी कमी पडल्याने आणि नेहमीचा चहा बंद झाल्याने. चहा सोडायचा असेल तर आधीच्या आठवड्यात रोज थोडा कमी करत आणायचा.

साधनेत बदल असा. उपवासाच्या दिवशी भस्त्रिका, लांब कुंभक, वमनधौती म्हणजे पाणी पिऊन ते उलटून टाकणं, मयूरासन आणि सूर्यनमस्कारांची मोठी आवर्तनं बंद. नाडीशोधन, म्हणजे आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास, कुंभकाशिवाय, चार मोजत श्वास आणि आठ मोजत उच्छ्वास, दहा-बारा आवर्तनं. भ्रामरी, शीतली, त्राटक, जप, शवासन हे सगळं चालतं आणि रिकाम्या पोटी अधिक चांगलं जमतं. उपवासाचा हेतूही हाच: पचनात गुंतलेली शक्ती एक दिवस मोकळी करून मनाकडे वळवायची. ती शक्ती व्यायामात उधळली तर हाती फक्त थकवा येतो. उभ्या आसनांतून झटक्याने खाली वाकू नये, शीर्षासन त्या दिवशी नाहीच.

पारणं मऊ आणि कोमट हवं: द्वादशीला सकाळी मुगाचं वरण, भात, तूप. श्रीखंड-पुरीने उपवास सोडणाऱ्याचं पोट दुपारपर्यंत तुंबतं आणि पुढचे दोन दिवस पवनमुक्तासनात जातात.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वजन फार कमी असलेले आणि खाण्याच्या विकारातून गेलेले यांनी उपवास करू नये. बाल, वृद्ध आणि आजारी यांना शास्त्रानेच सूट दिली आहे. प्रवेशअर्जात हे लपवू नका. मासिक पाळीत विपरीत म्हणजे डोकं खाली पाय वर अशी आसनं, बंध म्हणजे स्नायू आवळून धरणं आणि कपालभाती बंद ठेवायला सांगतात. आरतीत बसायचं की नाही याचे नियम शाळेगणिक वेगळे आहेत, ते आधी विचारून घ्या.

नवरात्रात दोन-तीन गोष्टी एकत्र येतात. आश्विनातलं ऊन म्हणजे ऑक्टोबरची उष्णता, नऊ दिवसांचा उपवास, आणि नाशिकपासून साठेक किलोमीटरवरच्या सप्तशृंगगडाची ओढ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगातलं बळ एकदम उतरतं. याचा अंदाज नसलेले त्याच दिवशी वणीला, म्हणजे या गडाकडे, पायी निघतात. नऊ दिवस पूर्ण करायचेच असतील तर पहिले दोन दिवस एकभुक्त, मधले फराळी, शेवटी पुन्हा एकभुक्त असं ठेवावं, आणि गड उठता-बसता करावा, म्हणजे पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी. घटस्थापनेचा अर्थ शाळेत परडीतूनच समजावतात: माती, सात धान्यं, रोज बेतानं पाणी, आणि नऊ दिवसांत अंकुर. पाणी जास्त झालं की धान्य कुजतं, हे बघायला कुणी सांगावं लागत नाही.

श्रावणाकडे परत. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी होते, रविवारी रात्रीपासूनच लोक निघतात. लहान फेरी वीसेक किलोमीटरची, पावसात, चिखलात, अनेकजण अनवाणी. जाणाऱ्याने उपवास फराळी ठेवावा, खिशात खजूर आणि मीठ-साखर असावी, पायांना आधी खोबरेल लावावं. परतल्यावर गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवणं आणि भिंतीला टेकवून पाय वर करून दहा मिनिटं पडणं. मंगळवारी पश्चिमोत्तानासन, हनुमानासन असे मांडीमागच्या स्नायूंना खेचणारे प्रकार बंद. थकलेला स्नायू ताणून मोकळा होत नाही, फाटतो.

नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. योगशाळेच्या स्वयंपाकाला इतका जुळणारा दुसरा सण नाही. जन्माष्टमीला बारापर्यंत जागरण, दुसऱ्या दिवशी सकाळचा वर्ग एक तास उशिरा. गणपतीत शाळेत शाडूची लहान मूर्ती, सकाळ-संध्याकाळ अथर्वशीर्ष, बस. उकडीचे मोदक दोन. तिसरा घ्यायचा तर संध्याकाळचं जेवण सोडायचं.

शंखप्रक्षालन कधी, आणि दिवाळी

शंखप्रक्षालन म्हणजे खारं पाणी पिऊन सगळं पोट धुऊन काढणं. हा भाग जरा सविस्तर, कारण सण आणि क्रिया यांची टक्कर इथे थेट होते. शंखप्रक्षालनात कोमट खारं पाणी दोन-दोन पेले पिऊन ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक भुजंगासन आणि उदराकर्षणासन प्रत्येकी आठ वेळा करतात, शौचाला जातात, आणि स्वच्छ पाणी पडेपर्यंत हे पुन्हा पुन्हा. चौदा-सोळा पेले सहज लागतात. मग पाऊण तास न झोपता पडून राहायचं आणि मऊ खिचडी खायची: तांदूळ आणि मूगडाळ समान, हळद, किंचित मीठ, माणशी दोन मोठे चमचे तूप. तूप नको म्हणणाऱ्याचंही ऐकायचं नसतं. आतड्याचं अस्तर त्या वेळी उघडं पडल्यासारखं असतं. पुढचा आठवडाभर दूध, कच्ची फळं, तिखट, तळलेलं काही नाही. वर्षातून एक-दोनदा, ऋतू बदलताना, जाणकाराच्या देखरेखीखालीच. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, हर्निया, अल्सर असणाऱ्यांनी अजिबात नाही.

आता पंचांग उघडा. आश्विनात दसऱ्याआधी उपवास, दसऱ्यानंतर पाच दिवसांत कोजागरी आणि तिचं मसाला दूध, मग वद्य द्वादशीला वसुबारस आणि पुढे आठवडाभर फराळ. मोकळी जागा एकच उरते: कोजागरीनंतरचा दुसरा दिवस. तेव्हा केलं तर वसुबारसेपर्यंत दहा दिवस पथ्याला मिळतात. वसंतात तसंच फाल्गुन वद्य षष्ठी-सप्तमी, म्हणजे रंगपंचमी झाल्यावर. पाडव्यापर्यंत आठवडा हाती असतो. ‘दिवाळीचा फराळ खूप झाला, म्हणून भाऊबीजेनंतर पोट धुऊन टाकू’ हा विचार उलटा आहे. जड खाण्यानंतर आधी दोन दिवस मुगाचं कढण, मग क्रिया.

नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान शाळेत सामुदायिक असतं, पहाटे चारलाच पाणी तापत ठेवतात. माणशी अर्धी वाटी तिळाचं तेल, कोमट. डोकं, कान, तळपाय आधी. हातापायांना लांब, सांध्यांना गोल, पोटाला घड्याळाच्या दिशेने. वीस-पंचवीस मिनिटं मुरू द्यायचं, मग उटणं. उटणं घरचं करायचं तर मसूरडाळीचं पीठ चार भाग, आंबेहळद एक, नागरमोथा एक, कपूरकाचरी अर्धा, वाळा अर्धा, गुलाबाच्या वाळल्या पाकळ्या एक. वस्त्रगाळ करून दुधात किंवा तेलात कालवायचं. जाडं राहिलं तर त्वचा ओरबाडते. ताप, अजीर्ण किंवा नुकतीच शोधनक्रिया, म्हणजे शंखप्रक्षालनासारखी शुद्धी, झालेली असेल तर अभ्यंग नाही, असं आयुर्वेद स्पष्ट सांगतो. वरच्या दहा दिवसांच्या हिशोबाचं हेही एक कारण. न्हाणीघरात फरशीवर गोणपाट टाकावं, दरवर्षी कुणीतरी घसरतं. आणि त्या सकाळी आसनं नाहीत: तेलकट तळवे सतरंजीवर धरत नाहीत, अधोमुख श्वानासनात हात सरकला की खांदा जातो.

अग्निहोत्र जिथे होतं तिथे सूर्योदय-सूर्यास्ताची मिनिटं नाशिकची घ्यावीत, कॅलेंडरवर छापलेली मुंबईची नव्हेत. गोवरी वाळकी, तूप गाईचं, अखंड तांदळाची दोन चिमटीभर आहुती. पावसाळ्यात ओलसर गोवरी नुसती धुमसते. धूर कोंडलेल्या खोलीत लगेच प्राणायामाला बसू नये.

थंडी, तीळ आणि सूर्य

पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा त्र्यंबकला भरते, जिल्ह्याबाहेरूनही दिंड्या येतात आणि त्र्यंबक रस्ता टाळ-मृदंगाने भरून जातो. योगशाळेने हा दिवस चुकवू नये. हठप्रदीपिकेत सिद्धांच्या मालिकेत मत्स्येंद्र आणि गोरक्ष यांची नावं येतात. त्याच नाथपरंपरेतल्या गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना ब्रह्मगिरीवर उपदेश केला आणि निवृत्तिनाथांनी तो ज्ञानेश्वरांना दिला, असं वारकरी मानतात. आसन करणारा आणि अभंग म्हणणारा हे इथे एकाच डोंगराचे. त्या दिवशी वर्ग बंद ठेवून मुलं दिंड्यांना चहा-पाणी देतात, पाय चेपून देतात. सेवा म्हणजे काय हे त्या दिवशी वेगळं शिकवत नाहीत.

संक्रांतीआधी भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी आणि वांगं, गाजर, पावटा, हरभरा, बोरं घातलेली भाजी. थंडीत अग्नी प्रखर, म्हणून वर्षातलं सगळ्यात स्निग्ध जेवण याच दिवसांत चालतं, आणि आसनांचा अभ्यासही याच महिन्यांत सगळ्यात जास्त वाढवता येतो.

माघ शुद्ध सप्तमीला रथसप्तमी. अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू घालतात आणि १०८ सूर्यनमस्कार होतात. महाराष्ट्रात दहा अंकांचा, म्हणजे दहा स्थितींचा नमस्कार रूढ आहे, त्याचा प्रसार औंधच्या पंतप्रतिनिधींनी केला. काही शाळांत बारा अंकांचा असतो. कुठलाही चालेल, पण तयारी महिनाभर आधी हवी. पौष शुद्ध सप्तमीपासून सहा दिवस रोज १२, मग दर तीन दिवसांनी १२ वाढवायचे. सत्ताविसाव्या दिवशी ९६ होतात. शेवटचे दोन-तीन दिवस पुन्हा २४ वर उतरून अंगाला विश्रांती, आणि मग १०८. मध्यम गतीने मिनिटाला चार, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत संपतात. दर २७ नंतर मिनिटभर थांबून श्वास. चुकतं ते साष्टांगात खाली येताना: दंड दमले की माणूस छाती धपकन टाकतो, मनगट आणि कंबर दोन्हीवर भार येतो. ५० नंतर हे दिसू लागलं तर गुडघे टेकून करावेत. नाहीतर तिथेच थांबावं, सूर्य रागवत नाही.

महाशिवरात्रीला चार प्रहरांच्या पूजा आणि रात्रभर बैठक. कण्याला ताठ ठेवून जागण्यात या रात्रीचा अर्थ आहे, पण एकाच आसनात नऊ तास बसून गुडघे सुजवण्यात नाही. दर प्रहराला उठून दहा मिनिटं चालायचं, सिद्धासन-वज्रासन-सुखासन बदलत राहायचं, बुडाखाली घोंगडीची घडी. कवठाची चटणी आणि ताक रात्रभर पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग नाही, संध्याकाळी योगनिद्रा.

रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी उघडतात: शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर बुजवलेले असतात, एका दिवसासाठी उकरून रंगाने भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. नाकात रंगीत पाणी गेलं असेल तर त्याच संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या सकाळी एकदा जलनेती. सूत्रनेती दोन दिवस नको, आतली त्वचा सुजलेली असते. कान दुखत असेल तर नेतीही नको, डॉक्टर गाठावा.

जाण्याआधी विचारायच्या गोष्टी

देव न मानणारे, दुसऱ्या धर्माचे विद्यार्थीही या शाळांत असतात. पूजेत बसणं ऐच्छिक आणि सेवा सक्तीची, अशी चांगल्या शाळेची रीत. तुमच्या शाळेत उलटं असेल तर आधीच कळलेलं बरं. घरी जायची सवलत बहुतेक ठिकाणी दिवाळीला तीन-चार दिवस मिळते, बाकी सणांना नाही. शोधनक्रिया कोण करवून घेतं, आजारी पडल्यास जवळचा डॉक्टर किती अंतरावर आहे, उपवास न करणाऱ्यासाठी त्या दिवशी वेगळं शिजतं का, हे तिन्ही विचारा. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्या शाळेत नियमाग्रह मुरलेला आहे असं समजा.

आणि २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा लक्षात ठेवा. गुरू सिंह राशीत आला की वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात. मुख्य पर्वण्या, म्हणजे स्नानाचे मोठे दिवस, २०२७ च्या पावसाळ्यात आहेत. त्या आठवड्यांत त्र्यंबक रस्त्यावर खाजगी वाहनं अडवतात आणि दूध-भाजीही वेळेवर पोचेल याची खात्री नसते. तुमचं वर्ष त्यात पडत असेल तर वर्ग कुठे हलवणार आणि धान्य किती दिवसांचं भरून ठेवणार, हे शाळेला आताच विचारा.